खांबाच्या भरवशावर

मी एक जुना पितळी ओळंबा आहे. मित्रांनो, हिरामण गवंड्याची लेक उन्नती ज्या वर्षी पहिलीत गेली, त्या वर्षी रबाळ्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दोरीला बांधून मला वरून खाली सोडतात. मी भिंतीला हलकेच टेकलो, तर भिंत सरळ.

बेलापूरच्या किती इमारती हिरामणने आणि मी मिळून उभ्या केल्या! "हिरामणच्या भिंतीत खोट सापडायची नाही," असे मुकादम म्हणे. पण स्वतःच्या घराची मागची भिंत मात्र त्याने दारूच्या नशेत बांधली. मला पिशवीतून काढलेच नाही. भिंत चांगली दोन बोटे कलली.

पुढे दारू सुटली. तो बायकोबरोबर चर्चला जाऊ लागला. पण ख्रिस्ताच्या बलिदानाची आठवण म्हणून तिथे वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर समोर आली, की हात मागे घ्यायचा. "आधी मला सरळ होऊ दे," म्हणायचा. अशी वर्षे गेली. त्याचे काम थांबले आणि मी खिळ्यावर हिरवा पडलो.

एका रविवारी चर्चहून आल्यावर त्याच्या बायकोने, सुंदराबाईने, मला काढून त्या कललेल्या भिंतीशी सोडले.

"अवो, हा लटकवला. झाली का भिंत सरळ?"

"येडी का काय! ओळंबा वाकडेपना दाखवतो. सरळ करत न्हाई."

"मंग ही अजून पडली कशी न्हाई?"

"बाजूला खांब हाय की. छपराचं समदं ओझं त्यानं घेतलंय."

"अन् खांब सरळ हाय?"

हिरामणने मला खांबाशी धरले. मी अलगद टेकलो.

"येकदम."

"मंग भिंतीनं खांबाला म्हनायचं का, आधी मी सरळ होते, मंग तू ओझं घे?"

हिरामणने माझी दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "गवंड्याला शिकवती व्हय गं?"

"प्रभू शिकवून दमला, म्हनून मी!"

तो हसता हसता डोळे पुसू लागला.

पुढच्या रविवारी मी त्याच्या खिशात होतो. भाकर आली. त्याने हात पुढे केला. नीतिमत्त्व, म्हणजे देवापुढे सरळ ठरणे, ही मजुरी नव्हे. ख्रिस्तावर भरवसा ठेवून हात पुढे करणाऱ्याला ते दान मिळते, हे मला तेव्हा कळले.

सोमवारी त्याने मला घासून लख्ख केले आणि ती भिंत उतरवून नव्याने बांधली. आधी नाही मित्रांनो, नंतर.

आता मी त्याच भिंतीवर असतो. मला अधूनमधून पुसा, कामाला लावा. मी खरे तेच दाखवीन. पण सरळपणा माझ्याकडे मागू नका. तो देणारा दुसरा आहे.

हिरामण गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या बुधवारी वारला, त्या देणाऱ्याच्याच भरवशावर.