भागीरथाबाईंचं हसू

तांडापेठेतल्या रुपरावांचे विनोद म्हणजे डोक्याला ताप. त्यांना ना शेंडा ना बुडखा. आता हाच घ्या: एक म्हैस टोपी घ्यायला बर्डीच्या बाजारात गेली. दुकानदार म्हणाला, तुझ्या मापाची नाही. म्हैस म्हणाली, बरं, मग दोन वांगी द्या. संपला विनोद! रुपराव दिसले की गल्लीतल्या लोकांना एकदम घरची कामं आठवायची. रुपरावांना त्याचं काही वाटत नसे, कारण त्यांची बायको हसायची.

रुपराव कोष्टी. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर मागावर लुगडी विणायचे. त्यांच्या पाठीमागे भिंतीशी भागीरथाबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या. रुपराव विणता विणताच, कापडाकडे तोंड करून, विनोद सांगायचे. शेवटचं वाक्य झालं की माग थांबवून मान वळवायचे आणि बायकोकडे बघायचे. बाईंचं हसू फुटलंच! पदर तोंडाशी, डोळ्यांत पाणी. गडी खूश होऊन आणखी हातभर कापड विणायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीत जावई आला. रवींद्र त्याचं नाव, शाळेत गणित शिकवायचा. त्यानं म्हशीचा विनोद नीट ऐकून घेतला, बाजूला सासूबाईंना हसताना पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मामाजी, टोपीच्या दुकानात वांगी कशी भेटतील?"

"भेटत नाहीत, त्याचीच तर मजा आहे ना, जवाईबापू!"

"पण विनोदाले काही अर्थ पाहिजे का नाही?"

"अर्थ तुमच्या मामीले विचारा. पाहा, कशी हसून राहिली!"

मास्तरच तो. त्यानं खरंच जवळ जाऊन विचारलं, "मामी, म्हशीनं शेवटी काय मागितलं?"

भागीरथाबाईंचं हसू थांबलं. त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "कोणती म्हैस?"

जावई गेल्यावर रुपराव बायकोपुढं येऊन बसले. तेव्हा सगळं बाहेर आलं. चार-पाच वर्षांपासून बाईंचे कान जवळजवळ गेले होते. समोर बसून कोणी बोललं तर त्यांना समजायचं. मागाच्या खटखटीत, पाठमोऱ्या नवऱ्याचं अक्षरही कळत नव्हतं.

"मंग हसत काहून होती वं?"

"तुम्ही पाहत होते म्हून."

"सांगितलं काहून नाही मले?"

"सांगणं बंद कराल म्हून."

रुपरावांनी नेमकं तेच केलं. बाईंची ही काळजी त्यांना कीव वाटली. अख्ख्या पेठेनं नाकं मुरडली तरी चालली असती, पण आपलं एकुलतं एक गिऱ्हाईक आपल्याला सांभाळून घेत होतं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. आठ दिवस माग नुसता खटखटत राहिला. भागीरथाबाई कांडी भरता भरता त्या पाठीकडे बघायच्या, पण ती पाठ काही वळली नाही.

नवव्या दिवशी बाई उठल्या, खड्ड्याच्या काठाशी येऊन बसल्या आणि नवऱ्याचा हात धरला.

"कानात सांगा एखादा. पाहू तरी, काय सांगत होते इतके दिवस."

रुपरावांनी माग थांबवला. आता हिला हसू आलं नाही, तर सगळंच खोटं ठरणार होतं. त्यांनी आपला सगळ्यात हुकमी विनोद काढला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितला.

"एका बोक्यानं दाढी करायले न्हाव्याले बोलावलं. न्हावी आला. तर बोका आतून म्हणते, मी घरी नाही, उद्या शिडी घेऊन ये!"

बाई म्हणाल्या, "मंग?"

"मंग काही नाही. झाला."

"शिडी काहून?"

"आता... बोक्याले पाहिजे शिडी."

"आन् घरी नाही, तर आतून बोलला कोण?"

जावयानं खूश होऊन पेढे वाटले असते, असा प्रश्न होता. रुपरावांचा चेहरा पडला. "नाही आलं हसू?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. याच्यात काहीच नाही," बाई अगदी खरेपणानं म्हणाल्या आणि भुवया आक्रसून पुन्हा त्या शिडीचा विचार करू लागल्या.

तो चेहरा बघून रुपरावांना आत कुठंतरी गुदगुली झाली. ते स्वतः कधी आपल्या विनोदावर हसत नसत. हसणं हे बायकोचं खातं. पण आज हसू आवरेना. खांदे हलू लागले, ठसका लागला, टोपी कापडावर पडली. बाई टक लावून त्या तोंडाकडे बघत होत्या. बघता बघता त्यांचा पदर तोंडाशी गेला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

हसू तेच होतं, पाच वर्षांपासूनचं, तसूभरही कमीजास्त नाही. ते त्यांच्या तोंडाकडे बघूनच यायचं, त्यात कीव कुठं नव्हतीच. आठ दिवस उगीच वाया घालवल्याची रुपरावांना लाज वाटली.

डोळे पुसत ते पुन्हा तिच्या कानाशी वाकले. "दुसरा सांगू?"

"सांगू नका," भागीरथाबाई म्हणाल्या. "नुसते हसा."