शेवटचा बदल

काय बिघडलंय?

ऑफिसातले कॉम्प्युटर आणि सर्व्हर तिच्याकडे होते. कुणाचंही मशीन अडलं की ती तीनच प्रश्न विचारायची. काय बिघडलंय, कधीपासून, शेवटचा बदल काय केला. उत्तरं मिळेपर्यंत की-बोर्डला हात नाही. लेखाविभागातल्या काकांना तिने एकदा बजावलं होतं, "काका, आरशासारख्या कॉपीला बॅकअप समजू नका. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं."

"म्हणजे आमच्या शिपायासारखा," काका म्हणाले. "साहेब म्हणतील त्याला हो."

रविवारी दुपारी नवऱ्याने खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसला.

"बाळाचे व्हिडिओ लाव. आता बघवतील मला."

मुलगी जाऊन वर्ष होत आलं होतं. इतके दिवस घरात तिचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून जायचं. तिने कॉम्प्युटरवर व्हिडिओंचा फोल्डर शोधला. तो जागेवर नव्हता.

कधीपासून?

"इथले मी पुसले," तो म्हणाला. "उन्हाळ्यात. मशीन लावलं की समोर तिचंच तोंड यायचं. पण तुझ्या सर्व्हरवर असतील की. बायकोच सर्व्हरवाली, म्हणून तर बिनधास्त पुसले."

ती उठली. कपाटात टॉवेलांच्या खालच्या फळीवर तिने जुळवलेला लहानसा सर्व्हर घुरघुरत होता. तो जुळवला तेव्हा बाळ खांद्यावर होतं, मोकळा होता तो एकच हात. जुन्या प्रती वेगळ्या राखायच्या तर बरंच टाइप करावं लागलं असतं. तिने सोपी ओळ लिहिली होती: इकडे जे असेल, तेच तिकडे. बाळ झोपलं की नीट करू, असं तेव्हा ठरवलं होतं.

सर्व्हरने रोज इमानेइतबारे तेवढंच केलं होतं. दिव्याखाली अंधार तो असा.

"फोनवर?" त्याने विचारलं.

"फोनमधले मीच इकडे हलवले होते. जागा पुरत नव्हती."

शेवटचा बदल काय?

पुसलेल्या फाइल उकरून काढणारा प्रोग्राम तिने लावला. नवऱ्याने दोनदा चहा केला. दोन्ही वेळा तो प्यायचा राहिला. मधेच विचारायचा, "आलं का गं काही?"

डिस्कवर व्हिडिओंच्या जागी भलतंच काही येऊन बसलं होतं. शेवटी एक फोटो हाती लागला. लोकरी टोपी, कपाळ, दोन भुवया. त्याखाली सगळा करडा पट्टा.

तो पुढे झुकला. "खालचं येतंय ना अजून?"

ऑफिसात ती अशा वेळी सरळ सांगायची, गेलं ते गेलं, आशा ठेवू नका. इथे तिला खुर्चीचा हात धरावा लागला.

"नाही रे. एवढंच आहे."

मग त्याने करड्या भागावर बोट टेकवलं.

"इथे तीळ होता. हनुवटीवर."

"हो. डाव्या बाजूला."

"उजव्या ना?"

तिचं बोट स्वतःच्या हनुवटीवर आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे. मघापर्यंत तिला खात्री होती.