मला पिंजऱ्यावरून उतरवा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि मला राग आलेला आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की बहुधा रडतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते, आणि शेवटी विनवणी एकच, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. मला वेळच्या वेळी अडगळीत टाकलं नाही, म्हणून एक जीव गेला.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी दाराची चौकट करून उरलेल्या फळ्या होत्या, त्यांची मी झाले. पुढच्या बाजूला गोल भोक, लहान मुलाची मूठ जाईल एवढं. भोकाखाली एक दांडी, पक्ष्याला उतरायला. वर सरकतं झाकण. आणि तळाला वाटीसारखा खळगा, अंडी गडगडून कोपऱ्यात जाऊ नयेत म्हणून. तो खळगा सुताराने इतका घासला, की त्याच्या मेव्हण्याला राहवेना. एवढ्याशा डबड्याला एवढी घासाघीस कशाला, असं त्याने विचारलं. सुतार मान वर न करता म्हणाला, "तुला निजायचंय का त्यात? नाही ना? मग चहा सांग." त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला. लहान वयात वाटतोच.

मला ज्यांनी घरी नेलं, ते गृहस्थ पक्षीमित्र होते. ही पदवी त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांनी ती आपली आपणच घेतली होती आणि फोनवर नावापुढे लावली होती. दिवसा ते एका कचेरीत बऱ्या हुद्द्यावर असत आणि उरलेल्या वेळात पक्ष्यांवर बोलत. त्यांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणते. पिंजऱ्याचा तळ खरवडायचा, राळे फुंकून फोलपटं उडवायची, पाण्याची वाटी घासायची, ही कामं वहिनींची. "आमच्याकडे पक्षी आहेत," हे सांगण्याचं काम पक्षीमित्रांचं. दोघंही आपापल्या कामात तरबेज होते.

पिंजरा गॅलरीत होता. ऊन सकाळचं, वारा आडोशाचा, स्वयंपाकघराचा धूर लांब. त्यात बजरीगरांची जोडी होती. दुकानदार ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतो, तेच हे छोटे पोपट. नर हिरवा, म्हणून त्याचं नाव हिरवा. मादी पिवळी, म्हणून ती पिवळी. नावं ठेवताना या घराने फार डोकं चालवलं नव्हतं, पण प्रेम होतं. हे मी मुद्दाम सांगते. प्रेम नसतं, तर मला एवढा राग आला नसता.

मला पिंजऱ्याच्या दाराशी टांगलं, तसा हिरवा घाबरून कोपऱ्यात गेला. पिवळी मात्र सरळ दांडीवर उतरली. तिने भोकातून आत डोकावून पाहिलं, कड कुरतडून पाहिली, आत शिरली, खळग्यात एक गोल फेरी मारली आणि भाडेकरू घर पसंत करतो तशी बाहेर आली. काही दिवसांत अंडी झाली. मग पिल्लं झाली, खोडरबराच्या तुकड्यांसारखी गुलाबी आणि डोळे मिटलेली. हिरवा दाणे खाऊन येई, भोकातून पिवळीला भरवी, ती पिल्लांना भरवी. त्या दिवसांत माझ्या अंगाला जी ऊब होती, तशी पुन्हा कधी आली नाही. लोक बघायला येत. पिल्लांचं कौतुक होई, पक्षीमित्रांचं त्याहून जास्त होई. एकदा तर कुणीतरी माझ्यावर टिचकी मारून म्हणालं, पेटी गुणाची आहे हं. मी आतल्या आत फुगले.

दुसरी वीणही अशीच छान झाली.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पिवळीच्या जातीच्या मादीला अंधारी, कोरडी पोकळी दिसली की तिचं अंग म्हणतं, घाल अंडी. पोकळी आहे तोवर म्हणतच राहतं. तिला "पुरे झालं" म्हणता येत नाही. तिच्या वतीने ते माणसाने म्हणायचं असतं, आणि म्हणण्याची रीत साधी आहे. दोन विणी झाल्या की पेटी उतरवायची, धुऊन वाळवून ठेवून द्यायची आणि मादीला काही महिने नुसतं जगू द्यायचं. अंड्याचं कवच हवेतून येत नाही. ते तिच्या हाडांतून येतं.

पण पक्षीमित्रांनी तोवर सगळीकडे शब्द देऊन ठेवले होते. शेजाऱ्यांना जोडी, भाच्याला जोडी, कचेरीतल्या तिघाचौघांना एकेक. आणि मोठ्या साहेबांच्या पत्नीला निळं पिल्लू हवं होतं, निळंच, कारण त्यांच्या दिवाणखान्याचे पडदे निळे होते. पिवळी आणि हिरवा मिळून निळं काही देईनात. पक्षीमित्र साहेबांना म्हणाले, या खेपेला नाही तर पुढच्या खेपेला. जशी काही खेप तेच घालणार होते. मी टांगलेलीच राहिले. तिसरी वीण झाली, तिची पिल्लं बाहेर पडायच्या आत चौथीची अंडी आली. पिवळीच्या मानेची पिसं विरळ झाली. दांडीवर उतरताना आता तिचा पाय चुकायचा.

अशात पक्षीमित्रांच्या थोरल्या बहीण, अक्का, राहायला आल्या. त्यांचं सगळं आयुष्य प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून गेलं होतं. त्या चहाचा कप घेऊन गॅलरीत आल्या, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पिवळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग भावाला विचारलं, हिची ही कितवी खेप? भावाने अभिमानाने आकडा सांगितला.

"आणि मधे विसावा?"

"अगं अक्का, पक्षी आहे तो. त्यांना काय त्याचं? निसर्ग आहे."

"वॉर्डाबाहेर बाकावर बसलेला प्रत्येक नवरा मला हेच ऐकवायचा," अक्का म्हणाल्या. "फक्त निसर्गाच्या जागी देव म्हणायचा."

पक्षीमित्र हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी ओळखीतून पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर मिळवला आणि वहिनींना शेजारी उभं करून फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की ही पिल्लं बाहेर पडली की पेटी ताबडतोब काढा. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगा, तो पक्ष्यांना चुना पुरवतो. हिरवा पाला द्या, अधूनमधून उकडलेलं अंडं कुस्करून द्या. आणि मादी पिसं फुलवून, डोळे मिटून बसली, शेपटी वरखाली हलू लागली, तर अंडं अडकलंय असं समजा. तिला ऊब द्या आणि तशीच घेऊन या, वाट बघू नका. हे सगळं अक्कांनी वहिनींकडून शाळेतल्यासारखं परत म्हणवून घेतलं.

पिल्लं बाहेर पडली आणि अक्कांनी स्वतः मला उतरवलं. मला गॅलरीतल्या कपाटावर ठेवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. माझ्यावर धूळ बसत होती आणि खाली पिवळी समुद्रफेस कुरतडत होती.

मग अक्का आपल्या घरी गेल्या.

पेटी काढली की मादी ती शोधते. काही दिवस कोपऱ्यात पाय घासते, तारा कुरतडते, मग विसरते. हे पक्षीमित्रांना ठाऊक नव्हतं, पण त्यांचं मन मात्र फार कोवळं होतं. ते पिंजऱ्यासमोर उभे राहून हळहळले, "बिचारीचं घर काढून घेतलं आपण. बघ कशी वेड्यासारखी शोधतेय." वहिनी म्हणाल्या की शोधेल आणि थांबेल, अक्कांनी सांगितलंय. त्यावर ते म्हणाले की अक्काने माणसांची बाळंतपणं केली आहेत, पाखरांची नव्हेत. त्याच आठवड्यात साहेबांच्या पत्नीने निळ्या पिल्लाची पुन्हा आठवण केली होती. दया आणि साहेबांची पत्नी एकाच आठवड्यात आल्या, याला योगायोग म्हणायला मी काही पक्षीमित्र नाही.

मला पुन्हा टांगलं. समुद्रफेस काढला, कारण फोटोत तो न्हाणीघरातल्या साबणाच्या चिपेसारखा दिसत होता. त्या जागी बदामाच्या आकाराचा गुलाबी आरसा आला.

पिवळी धावत माझ्यात शिरली. तिचा काय दोष?

पुढचं सांगताना माझी फळी न् फळी तापते. एका सकाळी पिवळी आत आली ती बाहेर गेलीच नाही. पक्षीमित्रांना आनंद झाला. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं, की मादी अंड्यावर बसली असताना झाकण उघडलं तर ती अंडी टाकून देते. म्हणून त्यांचा कडक नियम होता, झाकणाला हात लावायचा नाही. त्यांनी माझ्यावर कागद चिकटवला, "शांतता! इथे एक आई बसली आहे." टीव्हीचा आवाज बंद झाला. कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून जेवण बाहेरून आलं. शेजारी आले ते चवड्यांवर चालत आले आणि कानात कुजबुजून गेले. इतकं सभ्य, इतकं हळवं घर तुम्ही पाहिलं नसेल.

आणि आत पिवळी खळग्यात पिसं फुलवून पडली होती. डोळे मिटलेले, शेपटी हापशाच्या दांड्यासारखी वरखाली. ती जोर करत होती. तिच्या पोटातल्या अंड्याला कवच धड नव्हतं, कारण तिच्या हाडांत आता द्यायला काही उरलं नव्हतं. हिरवा भोकाशी दाणे घेऊन आला, थांबला, परत गेला. पुन्हा आला. तिने चोच उघडली नाही.

वहिनींच्या लक्षात आलं. पाण्याच्या वाटीशी पिवळी फिरकली नव्हती. त्यांनी नवऱ्याला अक्कांच्या शब्दांची आठवण करून दिली. पक्षीमित्रांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाले, "इतका वेळ आत आहे म्हणजे किती मन लावून बसलीय, ते बघ. तू उघडशील आणि सगळं मातीत घालशील."

वहिनींचा हात माझ्या झाकणावर होता. मला त्याचा घाम लागत होता. मग तो हात निघून गेला. त्या घरात वाद टाळून टाळून वहिनींनी संसार नीट चालवला होता, त्या सवयीने तो गेला.

माझं झाकण आतून उघडत नाही. सुताराने बाकी सगळ्याचा विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी पक्षीमित्र कचेरीत गेल्यावर वहिनींनी झाकण सरकवलं. पिवळी खळग्यात होती, मान एका बाजूला. त्यांनी तिला तळहातावर घेतलं आणि अक्कांना फोन लावला. अक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, झाकण कधी उघडलंस? वहिनींनी सांगितलं.

पक्षीमित्र त्या रात्री जेवले नाहीत. "नजर लागली," म्हणाले. त्यांनी पिवळीचा आरशातला फोटो टाकून श्रद्धांजली लिहिली. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पाखरं आहेत. साहेबांच्या पत्नीनेही सांत्वन केलं आणि त्याखालीच विचारलं, निळ्याचं आता कसं?

रविवारी ते बुटांच्या खोक्यात नवी मादी घेऊन आले. पांढरी, जेमतेम पिसं फुटलेली, अजून स्वतःच पोर. हिरवा एकटा पडलाय, बघवत नाही, असं म्हणत त्यांनी माझ्यात ताजा भुसा घातला आणि मला टांगायला हूक शोधू लागले.

तेवढ्यात वहिनींनी मला उचललं. जेवणाच्या टेबलावर ठेवलं, भुसा ओतून टाकला, एका डब्याचं पत्र्याचं झाकण माझ्या भोकावर धरलं आणि त्यात खिळा ठोकला. मग दुसरा. पक्षीमित्र हूक हातात धरून बघत राहिले. अगं हे काय, असं त्यांनी दोनदा विचारलं. वहिनींच्या ओठांत खिळे होते, त्यामुळे उत्तराला वेळ लागला.

"ही आधी मोठी होईल," वहिनी म्हणाल्या. "खाईल, उडेल, हिरव्याशी भांडेल. वर्ष उलटलं की डॉक्टरांना दाखवू, ते हो म्हणाले तर बघू. आणि त्या दिवशी झाकण माझ्या हातात असेल."

"आणि साहेबांच्या मिसेसना काय सांगू मी?"

"सांगा, पेटी वारली," वहिनी म्हणाल्या आणि तिसरा खिळा ठोकला. "तिचीही श्रद्धांजली टाका."

तर मित्रांनो, सध्या मी माळ्यावर आहे. तोंडावर पत्रा आहे, त्याची मला मुळीच खंत नाही. राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. तुमच्या घरी अशी जोडी असेल, तर मला टांगायच्या आधी मादी वर्षाची तरी होऊ द्या. पिंजऱ्यात आरशाआधी समुद्रफेस लावा. दोन विणी झाल्या की मला उतरवा, ती शोधू लागली तरी उतरवा, तुम्हाला दया आली तर आणखी लवकर उतरवा. आणि मी टांगलेली असेन तेव्हा रोज एकदा झाकण उघडून आत बघा. मादी चिडेल, फिसकारेल, तुमच्या बोटाला कडकडून चोच मारेल. मारू द्या. चोच मारतेय, म्हणजे ती जिवंत आहे.