बोटांनी आवळलेले नट

मित्रांनो, आज मला पाहून कोणी ओळखणार नाही, परंतु मी शर्यतीच्या मोटारीतील सीट आहे. बैठकीतल्या सोफ्याशी किंवा एस.टी.च्या बाकाशी माझे नाते दूरचेच. त्यांचे काम माणसाला बसवणे. माझे काम माणसाला धरून ठेवणे.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. काचेच्या धाग्यांचे पांढरे कापड साच्यात अंथरून त्यावर उग्र वासाचे रसायन चोपडले गेले. थरावर थर चढले. वाळल्यावर कारागिरांनी मला साच्यातून उपटून काढले. माझ्या दोन्ही अंगांना बोल्टसाठी आटे असलेले लोखंडी तुकडे पुरलेलेच होते. खांद्यांपाशी आणि कमरेपाशी पट्ट्यांसाठी त्यांनी भोके ठेवली. वर काळे कापड ताणून बसवले. मी देखणी होते, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

या देखणेपणामुळेच माझी पहिली काही वर्षे व्यर्थ गेली. लवळ्याच्या टेकडीवर शिकणाऱ्या एका तरुणाने मला आपल्या साध्या मोटारीत शोभेसाठी ठेवले. मूळ सीटच्या सरकत्या रुळांवर मी उभी होते आणि प्रत्येक गतिरोधकाला डुगडुगत होते. मित्र येत, माझ्यात बसून फोटो काढीत आणि पट्टे मागे लोंबकळत ठेवून निघून जात. शिक्षण संपल्यावर त्याने मोटार विकली आणि मला वसतिगृहाच्या जिन्याखाली टाकले. तेथून मला इंद्रजितने उचलून आणले.

इंद्रजित हा कासार आंबोलीच्या हैबतरावांचा मुलगा. पूर्वीच्या गोठ्यात त्याने गॅरेज थाटले होते. तेथे घरगुती वापराची एक छोटी जुनी मोटार उभी होती. तिच्यातील गालिचे, मागचे आसन, जे जे अनावश्यक ते ते सर्व काढून टाकून आत लोखंडी नळ्यांचा भक्कम पिंजरा जोडला होता. ही मोटार त्याची धाकटी बहीण शुभांगी चालवणार होती. आजवर तिने दुसऱ्यांच्या शर्यतीत टायर उचलले होते आणि झेंडे धरले होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी ती प्रथमच स्वतः उतरणार होती. तिचे नाव नोंदवून झाले होते.

मला बसवण्याचे काम घाईने झाले नाही, याची नोंद मला केली पाहिजे. इंद्रजितने सरकते रूळ फेकून दिले. मोटारीचा तळ म्हणजे पातळ पत्रा; नुसते भोक पाडून बोल्ट ओवला तर धडकेच्या वेळी बोल्ट पत्रा फाडून वर येतो. म्हणून त्याने तळाखाली पोलादाच्या जाड पट्ट्या लावल्या, म्हणजे भार एका भोकावर न येता रुंद जागेत पसरावा. माझ्या दोन्ही अंगांना पोलादाचे मजबूत काटकोनी आधार जोडले. मग शुभांगीला हेल्मेट घालून माझ्यात बसवले आणि तिचे गुडघे, हात, नजर यांचा अंदाज घेत मला पुढे-मागे केले.

ती उंचीने लहान. समोरचे नीट दिसेना. हैबतराव दारात उभे राहून पाहत होते.

"खाली गोधडी घाल की दुहेरी," ते म्हणाले. "तुझ्या आजीची हाय. लई मऊ."

"आबा, मऊ हाय म्हणूनच न्हाई घालायची," इंद्रजित म्हणाला. "गाडी आदळली की गोधडी दबती, पट्टे ढिले पडत्यात, आन् ही खालनं सटकती."

"मग काय पोरीला पाटावर बसवतो?"

"आबा, तुमी गोधडी घेऊन झोपा जाऊन," शुभांगी आतून ओरडली. "मी हितं नवरी न्हाई बसलेली!"

हैबतराव हसत हसत निघून गेले. इंद्रजितने ते आधार बदलून मला थोडे उंच केले. ही गोष्ट खंडेनवमीच्या सकाळची. जागा ठरली. नवी जागा तपासण्यासाठी त्याने तळाखालचे साधे नट बोटांनीच आवळले. न सुटणारे नट घालून ते पान्याने ताठ करण्याचे काम तेवढे बाकी राहिले होते.

तेवढ्यात त्याची आई, तुळजाबाई, आल्या. या घरची रीत अशी, की खंडेनवमीला विळ्यापासून पान्यापर्यंत सर्व हत्यारे धुऊन पाटावर मांडायची, त्यांची पूजा करायची आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन करून, आपटा वाटून झाल्यावरच उचलायची. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला तेवढा विसावा. तुळजाबाईंनी गॅरेजमधील पाने, हातोड्या, ग्राइंडर, सगळे टोपलीत भरून नेले.

"आई, एक पाना ठेव ना. चार नट हायेत फक्त."

"चार असू दे न्हाईतर एक. उद्या सांजच्याला घे. रविवार पळून चाललाय व्हय?"

त्या चुकीचे बोलल्या नव्हत्या. रविवार दूर होता. इंद्रजितने मान हलवली. त्या घडीपर्यंत, मित्रांनो, कोणाचीच चूक झालेली नव्हती.

चूक दसऱ्याच्या दुपारी झाली. घरातील वाहनांची पूजा झाली. ट्रॅक्टरला हार, मोटरसायकलला हार, तसा आमच्या मोटारीलाही झेंडूचा हार पडला. हत्याराला हात लावायचा नाही, परंतु पुजलेले वाहन मात्र थोडे फिरवून आणायचे, अशी दुसरी रीत. ट्रॅक्टर फिरून आला. मोटरसायकल फिरून आली. सर्वांच्या नजरा मोटारीकडे वळल्या. घरामागे हैबतरावांचे मुरमाड माळरान होते, तेथे सरावासाठी वळणाची वाट आखलेली होती आणि तिच्या खालच्या अंगाला पिकत आलेले भाताचे खाचर होते.

"नट हातानं लावलेत नुसते," इंद्रजित म्हणाला. "शेजारनं पाना आणू का?"

"सणाच्या दिवशी लोकाच्या दारात पाना मागतो?" हैबतराव म्हणाले. "त्येंचीबी पूजा मांडली असंल. आन् एक चक्कर तर मारायचीय. बैलगाडीगत."

"दादा, हळू नेते. देवाशप्पथ."

इंद्रजितने तिच्याकडे पाहिले, पाटाकडे पाहिले आणि बाजूला झाला. त्याला सर्व ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. परंतु मला तोंड नाही.

पहिली फेरी तिने खरोखरच बैलगाडीच्या चालीने काढली. हैबतरावांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला तिचा पाय जड झाला. मी तिला दोष देत नाही. इतकी वर्षे झेंडा धरलेल्या हातांत प्रथमच सुकाणू आले होते. खड्ड्यांमागून खड्डे गेले आणि प्रत्येक हादऱ्याला माझ्या खालचे नट थोडे थोडे फिरत गेले. डाव्या बाजूचा मागचा नट गळून मुरमात पडला. त्यापाठोपाठ पुढचा गेला.

खालच्या वळणावर तिने ब्रेक दाबला. पाय जोरात रेटला तशी मी डावीकडून उचलली गेले आणि मागे कलले. तिच्या पायाखालून ब्रेक निसटला. पट्टे मोटारीच्या सांगाड्याला बांधलेले होते, त्यांनी तिला ओढून धरले; मी मात्र तिच्या पाठीखाली पिळवटत गेले. माझा सर्व भार उजव्या दोन बोल्टांवर आला. माझ्या अंगातून सुकी फांदी मोडावी तसा आवाज निघाला. तिने हाताचा ब्रेक खेचला, मोटार गरकन फिरली, बांध ओलांडून खाचरात शिरली आणि भाताच्या चिखलात रुतून थांबली.

सगळे धावले. इंद्रजितने तिचे पट्टे सोडले.

"पाय हलवून दाखव, शुभे. बोटं हलवून दाखव."

"हलत्यात रे. खांदा दुखतोय." मग तिने खाली पाहिले. "आबा, तुमचं भात..."

"भाताला आग लाव!" हैबतराव ओरडले आणि तेथेच चिखलात बसले.

मोटार ट्रॅक्टरने ओढून गोठ्यात आणली. इंद्रजितने मला बाहेर काढले, कापड सोलले आणि बोट दाबत दाबत तपासले. उजव्या अंगाला, बोल्टच्या लोखंडी तुकड्यापासून निघालेला एक तडा केसासारखा वर गेला होता. दाबले की तो करकरत होता.

"वरनं फायबरचं ठिगळ मारू," शुभांगी म्हणाली. तिचा खांदा दुपट्ट्याने बांधलेला होता. "वर कापड आलं की कुनाला दिसतंय? दादा, रविवारी मला सोडायचं न्हाई. पुन्हा झेंडा धरायला मी जाणार न्हाई."

"तपासणारे बघतील."

"न्हाई बघणार. आन् ही सीट पुढं लवळ्याचं कुनी पोरगं इकत घेईलच की शोसाठी."

इंद्रजितने मला पुन्हा जवळ ओढले. मला त्याचे हात जाणवत होते. ते ठिगळाची जागा मापत होते. त्याच हातांनी काल नट बोटांनी आवळले होते आणि दुपारी वाट सोडली होती. बहिणीला नाही म्हणणे त्या हातांना जमत नव्हते.

तेव्हा तुळजाबाई आत आल्या. आपटा अजून वाटायचा होता, गावाची मंडळी सीमोल्लंघनाला निघायची होती. त्यांच्या हातात ग्राइंडर होता. वर हळदकुंकू, वायरीत अडकलेले झेंडूचे फूल.

"आई, अजून आपटा..."

"पोरगी जित्ती घरात आली. माझं सीमोल्लंघन झालं. धर हे." त्यांनी ते यंत्र इंद्रजितच्या हातात दिले. "काल एक पाना दिला असता तर... ते जाऊ दे. ह्या सीटचे दोन तुकडे कर. माझ्यासमोर."

"आई!" शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आले.

"रविवार फिरून येतो गं. तुझ्या पाठीचा मणका फिरून येत न्हाई."

शुभांगीने डोळे पुसले. मग तिने आपला चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मला जमिनीवर दाबून धरले. "चालव," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी विनवतात, की आम्हांला फेकू नका, डागडुजी करा, सांभाळा. माझी विनंती उलट आहे. मी वाचले असते तर कापडाखाली तडा लपवून कोणाच्या तरी लेकराच्या पाठीशी उभी राहिले असते. तडा गेलेल्या सीटवर दया करू नका. तिला विकू नका, दान करू नका. आणि चांगली सीट असेल तर तिच्या एकाही नटाला उद्यावर ठेवू नका. तो नट पक्का होईपर्यंत चावी दुसऱ्याच्या खिशात असू द्या.

त्या रविवारी शुभांगीने झेंडा धरला. दिवाळीनंतर इंद्रजितने नवी सीट आणली. माझा खालचा अर्धा भाग गोठ्याच्या कोपऱ्यात असतो, त्यात आता कोंबडी अंडी घालते. तेथून मला सर्व दिसते. नव्या सीटचे नट पान्याने ताठ झाले, तेव्हा त्याने आईला हाक मारली. तुळजाबाईंनी पदर खोचला, सीटच्या दोन्ही खांद्यांना धरले, एक पाय मोटारीच्या उंबऱ्याला लावला आणि सर्व बळ एकवटून हिसका दिला. सारी मोटार हलली.

"सीट हलत न्हाई," त्या म्हणाल्या. "बस आता, शुभे."