नवरदेवाचे मुरूम

कचेरीतला कारकून उद्धव लग्नाला भीत नव्हता, स्वतःच्या मुरुमांना भीत होता. नवरीनं, ताडकळसच्या कावेरीनं, त्याचा फक्त फोटो पाहिला होता, आणि फोटोवाल्यानं ब्रश फिरवून त्यातले गाल साफ केले होते.

केशरकाकूंनी लिंबू आणि चुना चोळून दिला. मुरूम राहिले, कातडी गेली. उद्धव परभणीच्या डॉक्टरांकडे धावला.

"आधी ही चोळाचोळी बंद. साध्या साबणानं तोंड धुवा, रात्री गंधकाचं मलम पातळ लावा, नखं लावू नका. दोन महिन्यांत फरक पडेल."

"लग्न आठवड्यावर आलंय, साहेब!"

"मुरुमांना मुहूर्त कळत नाही."

हळदीला उद्धवनं गालाला तेल लावू दिलं नाही. "असा कोरडा नवरदेव आमी न्हाई पाह्यला बाबा," काकू म्हणाल्या.

मंगलाष्टकं लांबत गेली तसा त्याचा जीव वरखाली व्हायला लागला. आता अंतरपाट सरकणार आणि पोरगी दचकणार. तेवढ्यात गंधकाचा भपकारा आला. पण आज तर त्यानं तोंड घासून धुतलं होतं.

वास अंतरपाटापलीकडून येत होता.

अंतरपाट सरकला. कावेरीनं त्याच्या गालांवर एक नजर टाकली आणि मान खाली घालून हळू विचारलं, "तुमाला किती महिने सांगितलेत?"