अठ्ठाविसाव्या दिवसाचं शून्य

दिवस २८. वाढ: शून्य.

वहीत खाली भावजींची सही. झोकदार, शेपटीवाली.

उंदरांच्या फुफ्फुसांत झोपून राहिलेले क्षयाचे जंतू नव्या गोळीने मेले की नाही, हे त्या फुफ्फुसांचा रस पसरलेल्या या काचेच्या बशांवर ठरायचं होतं: काही उगवलं, तर जंतू जिवंत. भावजी प्रयोगशाळेचे प्रमुख. बशा धुणारी, मोजणारी ही त्यांची विधवा वहिनी.

"टाकून द्या आता," ते म्हणाले.

तिने टाकल्या नाहीत. झोपलेला जंतू सावकाश उठतो. तिच्या नवऱ्याच्या छातीत तो अकरा वर्षांनी उठला होता.

दिवस ३५. अजून काही नाही.

"अजून उबवताय? अंडी घातलीत का?"

"पी हळद नि हो गोरी, असं जंतूंचं नसतं, भावजी."

"इथे साहेब म्हणायचं. नोकरी कोणी लावली?"

"विसरू कुठे देता?"

एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून गोळी चाळीस माणसांना मिळणार होती. धडधाकट, पण छातीत झोपलेला जंतू बाळगणारी माणसं. जुनं, खात्रीचं औषध त्यांना मिळणार नव्हतं. यादीत सातवी ही स्वतः.

दिवस ४२.

एक ठिपका. मोहरीएवढा, पिवळट, खडबडीत.

"बाहेरची घाण. तुमच्याच हातची."

तिने ठिपक्याचा कण काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली आधीच लावली होती. "मग बघा माझ्या हातची घाण."

निळ्यावर लाल काड्या: क्षयाचेच जंतू. भावजींनी बराच वेळ डोळा वर उचलला नाही. उचलला तेव्हा आवाजाला लोणी लागलं होतं.

"वहिनी, तुमचं नाव यादीतून काढतो."

"म्हणजे पटलं."

"सुतावरून स्वर्ग गाठू नका! एक ठिपका आहे."

"आणि एकोणचाळीस माणसं. त्यांची नावं कोण काढणार?"

"तुमची कोण लागतात ती? लिहिलंत, तर उद्यापासून हे दार बंद."

शुक्रवारी वही गोळीला परवानगी देणाऱ्या समितीपुढे जायची होती. पानांना क्रमांक, त्यामुळे फाडायची सोय नाही. भावजींनी पानावर पंजा ठेवला. कोंबडं झाकायला एवढा पंजा पुरतो, असं त्यांना वाटलं असावं.

तिने पेन उघडलं. बोटांना वळसा घालत, वाकड्या ओळीत लिहिलं:

दिवस ४२. वाढ: एक.

"हात काढा, साहेब. सहीची जागा तुमच्या हाताखालीच आहे."