वळणावरची लाखोळी

मी एक जुना, कडेला तडा गेलेला मैलाचा दगड आहे. सिंदेवाहीहून मूलला जाताना जंगलात रस्ता एकाएकी डावीकडे वळतो, त्या वळणावर मी उभा आहे. माझ्या पोटावर ‘मूल १४’ लिहिलेलं आहे. मित्रांनो, माझ्यापाशी थांबून कुणी माझी विचारपूस करत नाही. पण शहाऐंशी सालच्या महाशिवरात्रीला मी जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

खाणीतल्या काळ्या खडकातून मला छिन्नीनं सोडवलं आणि बैलगाडीतून इथे आणलं. मला जमिनीत रोवलं ते हरिदासनं. हरिदास या रस्त्याचा मैलकुली, म्हणजे खड्डे बुजवणारा, कडेची झुडपं छाटणारा सरकारी मजूर. दर हिवाळ्यात तो मला घासूनपुसून रंग द्यायचा. एकदा एका साहेबानं जीप थांबवून म्हटलं, “हरिदास, तुझं वळण लांबून दिसतं बरं का!” त्या दिवशी हरिदासनं मला रंगाचा आणखी एक हात दिला.

पुढे रस्ता डांबरी झाला आणि जवळच्या गावाला नवी सोय सापडली. लाखोळी, म्हणजे डाळीचं एक पीक, कापली की वेलांसकट आणून रस्त्यावर पसरायची. ट्रक, बस वरून गेल्या की शेंगा आपोआप फुटायच्या. बैल नको, मळणी नको. माझ्या अंगावर तर बायांनी गोवऱ्या थापल्या. माझा आकडा शेणाखाली गेला. हरिदास ओरडायचा, “वळणावर नका टाकू रे! घसरून मरंल कोनी!” लोक हसायचे. “रस्ता सरकारचा हाय हरिदासभाऊ, तुह्या घरचा नाई.”

शहाऐंशी साली त्याची बायको रुखमाही डोक्यावर भारा घेऊन आली आणि वळणाच्या पलीकडे पसरू लागली. हरिदास तिच्याकडे पाहत राहिला.

“अवं, तू पन?”

“सारं गाव टाकून राह्यलं, मंग आपलीच काऊन घरी ठेवाची?” रुखमा म्हणाली. “दोन दिवसांची तर गोठ हाय जी.”

 कुदळ उचलून हरिदास खड्ड्याकडे निघून गेला. साऱ्या गावाला ओरडणारा माणूस घरच्या माणसापुढे गप्प बसला. मला तेव्हाच धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. मार्कंड्याच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्यांची सकाळपासून रीघ लागली होती. दुपारी दादाजी मास्तर मोटारसायकलवरून वळणावर आले. पुढे टाकीवर त्यांची सहा वर्षांची मुलगी सोमारी बसली होती. मास्तरांच्या डोक्यावर हेल्मेट नाही, वेगही बेताचा नव्हता. चाक लाखोळीवर चढलं आणि गाडी सरकन आडवी झाली. सोमारी वेलांवर पडली, म्हणून वाचली. मास्तरांचं डोकं डांबरावर आपटलं. रक्त पाहून पोरगी किंचाळली.

रुखमा धावली. शेतातले लोक धावले. सगळ्यांनी भर रस्त्यात मास्तरांभोवती गराडा घातला. कुणाला वाटलं नाही की हा रस्ता आहे.

तेवढ्यात मला मागून घरघर ऐकू आली. मित्रांनो, वळणावर उभा असल्यानं मला दोन्ही बाजू दिसत होत्या. एका बाजूला ती माणसं, दुसऱ्या बाजूला उतारावरून येणारी खचाखच भरलेली बस. त्यांना बस दिसत नव्हती आणि बसला ती दिसत नव्हती. आणि मला हलता येत नव्हतं.

कडेला खड्डा बुजवत असलेल्या हरिदासनं तो आवाज ओळखला. खांद्यावरचा दुपट्टा ओढून तो वळणाच्या अलीकडे पळत आला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

“रोका! गाडी रोका!”

ड्रायव्हर गुणवंतरावांना सकाळपासून जागोजागी लोक हात दाखवत होते. हाही जत्रेचाच कुणी, असं समजून त्यांनी जोरात हॉर्न दिला. बस थांबेना. हरिदास हलेना. दुपट्टा फडफडत होता, हॉर्न वाजत होता, अंतर कमी होत होतं.  पण त्याचे पाय जागचे सुटले नाहीत.

अखेर ब्रेक करकचले. बस वळणापर्यंत घसरली, पुढचं चाक लाखोळीवर गेलं आणि मागचा भाग वळून माझ्यावर आदळला. मला तडा गेला. हरिदास धडक खाऊन नालीत फेकला गेला. सोमारीपासून चार हातांवर बस थांबली.

 मग गुणवंतराव खाली उतरले. ते नालीतल्या हरिदासपाशी धावले. “माह्यीच घाई नडली. मानूस मधात उभा हाय, तरी मले समजलं नाई.”

त्याच बसनं मास्तरांना आणि हरिदासला मूलच्या दवाखान्यात नेलं. रुखमा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

“मीच टाकली जी लाखोळी,” ती रडत म्हणाली.

“अन् म्या पाह्यली,” हरिदास म्हणाला. “पाहूनशान गप बसलो.”

मास्तर महिन्याभरात उठले, पण एका कानानं ऐकू येईनासं झालं. हरिदासचा उजवा पाय पुन्हा सरळ झाला नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परतलेल्या रुखमानं कुणाला न बोलावता रस्त्यावरची लाखोळी उचलायला घेतली. आधी आपली, मग दुसऱ्यांची. संध्याकाळपर्यंत चार बाया तिच्यासोबत होत्या. पुढच्या हंगामात गावानं तळ्याच्या पाळीखाली मळणीसाठी खळं केलं.

मित्रांनो, गाडी हाकणाऱ्यानं वळणावर वेग आवरावा, दुचाकीवाल्यानं आपलं डोकं जपावं, चालणाऱ्यानं रस्त्यात घोळका करू नये. हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते वेगळंच. मी दगड आहे. समोर धोका दिसत असून मला ओरडता आलं नाही. तुम्हाला येतं. आणि चुकणारं माणूस घरचं असेल, तर जरा जास्तच मोठ्यानं ओरडा.